लाईट गेली होती, बाबा

बाबा गेले तेव्हा त्या सिरियलचे चार भाग बाकी होते.

आज वर्ष झालं. सकाळी आई म्हणाली, "आज तरी लाव वं ते. किती दिवस तसंच ठेवशीन?"

लावलं. चारही भाग, एकापाठोपाठ एक. आता बसलेय. डोकं दुखतंय, रडू येत नाहीये, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

आम्ही कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलो. बाबा प्लांटच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. रविवारी सकाळी टीव्हीवर ती अंतराळयानाची सिरियल लागायची. वाट चुकलेलं यान, आणि दर आठवड्याला घरी पोचता पोचता राहणारी त्यातली माणसं.

बाबा त्या सिरियलचे भक्त. आणि तितकेच टीकाकार.

"एवढे लाल दिवे लागून राहिले अन् एकही जण अलार्म पाहून नाही राहिला. काहून गा, झोपले का सारे?"

"पांढरे कपडे घालून कंट्रोल रूममधी बसले. यायच्या इथं राख नाही का उडत?"

पण शिफ्ट ड्युटी. तीन रविवारांतला एखादाच त्यांच्या वाट्याला यायचा. म्हणून हौसेने व्हीसीआर घेतला आणि रेकॉर्डिंगचं काम माझ्याकडे दिलं. मी तेव्हा सहावीत.

पहाटे ड्युटीवर निघताना मला उठवून रीतसर सांगायचे, "गुड्डी, चार्ज घे."

मी अंथरुणातूनच म्हणायची, "घेतला."

प्लांटचा नियम. पुढच्याने चार्ज घेतल्याशिवाय आधीच्याने खुर्ची सोडायची नाही.

रेकॉर्डिंगचाही नियम होता. जाहिरात आली की पॉज. सिरियल सुरू झाली की पॉज काढायचा. टेप वाया गेलेली त्यांना खपायची नाही.

शेवटच्या भागाच्या दिवशी ते फर्स्ट शिफ्टला होते. जाताना दोनदा चार्ज दिला.

पहिली जाहिरात आली. मी पॉज दाबला. आणि सिरियल परत सुरू झाल्यावर अशी काही गुंगले की पॉज काढायचाच राहिला. फार वेळ पॉजवर राहिला म्हणून व्हीसीआर आपला आपण बंद झाला. शेवटच्या पाट्या पडायला लागल्या तेव्हा पाहिलं, रेकॉर्डिंगचा दिवाच नाही.



दुपारी बाबा घरी आले. बूटही काढले नव्हते.

"झाली का रेकॉर्ड?"

मी म्हटलं, "बाबा, लाईट गेली होती."

कुणाला म्हटलं? जो माणूस सकाळपासून कंट्रोल रूममध्ये बसून लाईटच बनवत होता, त्याला. तेही कॉलनीत, जिथे युनिट ट्रिप होऊन, म्हणजे बंद पडून, लाईट गेली तर ती गेल्याचं घरच्यांच्या आधी त्याला कळायचं. थाप मारायलाही अक्कल लागते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बूट काढायला बसले.

"पहिल्या जाहिरातीनंतर गेली का?"

"हो."

"बरं."

बस. विषय संपला. त्यांच्यापुरता.

माझा नाही संपला. लाईट गेली होती म्हटल्यावर शेवट मलाही माहीत असून चालणार नव्हतं ना! दोन-तीन वर्षांनी एकदा तरी बाबा म्हणायचे, "ते लोकं पोचले असतीन का वं घरी?" आणि मी म्हणायची, "काय माहीत, बाबा." लग्न झालं, मुलं झाली, केस पांढरे झाले, तरी "काय माहीत, बाबा."

दोन वर्षांपूर्वी त्या सिरियलचा डीव्हीडी सेट सापडला. मागवला. आईबाबा तोवर माझ्याकडे मनीषनगरला राहायला आले होते. ठरवलं, बाबांना शेवट दाखवायचा आणि तेव्हाच खरं सांगून टाकायचं.

"डायरेक्ट शेवटचा लावू का, बाबा?"

"नाही. लॉगबुक कोणी मधातून वाचते का?"

मग दर रविवारी एक भाग. निदान ठरलं तरी तसं होतं.

खरं सांगू? निम्मे रविवार मीच बुडवले. आठवडाभराचं ऑफिस, मुलांच्या परीक्षा, कपड्यांचा ढीग. बाबा आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून सोफ्यावर येऊन बसायचे.

"लावून राहिली का वं आज?"

"आज नको ना बाबा. लय थकली मी."

"राहू दे. इतके वर्षं फिरून राहिलं ते यान, अजून एक हप्ता फिरन."

कधीच चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं.

मग बाथरूममध्ये पडले. दहा दिवसांत सगळं संपलं. चार भाग राहिले, आणि माझं सांगायचंही राहिलं.

आज शेवटचा भाग संपल्यावर आई म्हणाली, "त्या जुन्या कॅसेटी फेकू का आता? माळ्यावर उगाच पडून हायेत."

पिशवी काढली. प्रत्येक कॅसेटवर बाबांच्या अक्षरात लेबल. तारीख, भाग, शिफ्ट. ऑपरेटर: गुड्डी. माणूस घरीही लॉगबुकच लिहायचा.

सगळ्यात खाली ती कॅसेट होती. त्या दिवसानंतर मी तिला हात लावला नव्हता. लेबलवर लिहिलंय:

"शेवटचा भाग. पहिल्या जाहिरातीपर्यंत.
पुढे लाईट गेली. ऑपरेटर गुड्डीचा रिपोर्ट.
सर्व युनिट नॉर्मल. ट्रिप नाही.
रिपोर्ट मान्य."

खाली सही.

मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुले काय वाटलं, त्यायले कळलं नसन?"

बाबा, लाईट गेली नव्हती. मी पॉज काढायला विसरले होते.

ते लोक पोचतात घरी. सगळे पोचतात. शेवटी दार उघडतं, आणि बाहेर ऊन असतं.

निघा आता, बाबा. चार्ज घेतला.