चोरीचे अकीक

रवीला घरामागची टेकडी चढताना धाप लागू लागली, तेव्हा त्याच्या बायकोला, चंद्रकलाला वाटलं, वयाचं असेल. पिरंगुटच्या डॉक्टरनं टीबी म्हणून गोळ्या चालू केल्या. गोळ्या संपल्या, परत लिहून दिल्या, खोकला होता तिथंच. शेवटी गौतमीनं, नर्सिंग शिकणाऱ्या त्यांच्या लेकीनं, बापाचा एक्स-रे आपल्या दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टरांपुढं धरला. त्यांनी औषधपाण्याचं काही न विचारता आधी विचारलं, "हे दगड घासायचं काम करतात का?"

रवीची उमेदीची वर्षं त्याच कामात गेली होती. उरवड्यात गेणबाच्या भाड्याच्या शेडात कौस्तुभशेठचा खडे घडवायचा कारखाना होता. अंगठीत, लॉकेटमध्ये बसवायचे खडे. अकीक, जॅस्पर, असले गारगोटीच्या जातीचे दगड पोत्यानं यायचे आणि आरशासारखे होऊन जायचे. घासायच्या चाकावर पाणी सोडलं तर धूळ दबते हे सगळ्यांना माहीत होतं. पण पाण्यानं चिखल होतो, माल उशिरा निघतो, म्हणून शेठ कोरडंच घासायला लावायचा. संध्याकाळी रवी घरी यायचा तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. चंद्रकला त्याला "आला बघा पिठाच्या गिरणीतनं" म्हणून हसायची. पुढं ते हसणं तिचं तिलाच आठवायचं आणि जीव नकोसा व्हायचा.

रोगाचं नाव सिलिकॉसिस. बरा होत नाही. गारगोटीची धूळ छातीत जाऊन बसते आणि फुप्फुसं आतून दगडासारखी होतात, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गौतमीनं कामगारांच्या सरकारी कचेरीत अर्ज टाकला. कचेरीची नोटीस शेठला पोचेपर्यंत शेड रिकामी झाली होती. चाकं रातोरात दुसऱ्या जिल्ह्यात गेली, भिंतींना चुना लागला आणि शनिवार-रविवारी धरणाकडं येणाऱ्या पाहुण्यांसाठी जेवण करणाऱ्यांनी ती जागा भाड्यानं घेतली. कौस्तुभनं लेखी उत्तर दिलं, आमच्याकडं फक्त संगमरवराचे पेपरवेट व्हायचे. संगमरवराच्या धुळीनं हा रोग होत नाही.

चंद्रकला गेणबाकडं गेली. तो ओट्यावर सुपारी कातरत बसला होता.

"गेणबाभाऊ, तुमच्याच शेडात व्हतं सगळं. तेवढं खरं काय ते सांगा सायबाला."

"मी भाडं घ्यायचो बाई. आत काय घासतेत, मी कशाला बघू?"

"रोज चहा प्यायला आत यायचा की तुमी."

"चहा प्यायलो आसंल," म्हणून गेणबानं अडकित्ता खाली ठेवला. "शेठ आता धरणाकडं माझ्या पोराच्या हाटेलात भागी हाय. मला का मधी घालतीस?"

ती परत आली. त्या दिवशी तिनं फळीवरचा बिस्किटांचा जुना डबा काढला. त्यात रवीनं घरी आणलेले खडे होते. कुठं टवका उडालेला, कुठं मधोमध चीर, कुठं पॉलिश चढलं नाही म्हणून शेठनं बाजूला टाकलेले. गौतमी लहान होती तेव्हा शेठनंच सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "रवी, ने हे पोरीला खेळायला." रवी ज्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय हात न लावणारा माणूस. विहाराच्या दानपेटीची किल्ली वस्तीनं त्याच्याकडं दिलेली, ती काही उगीच नव्हती.

डब्यातले दगड कसले, हे मात्र रवीलाही नेमकं सांगता येईना. "पोत्यावं नाव नसायचं," तो दम खात बोलला. "लाल ते जॅस्पर, पट्ट्याचं ते अकीक. आमी तेवढंच म्हणायचो."

गौतमी तो डबा घेऊन पुण्यातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या दिशा मॅडमकडं गेली. चंद्रकलाही बरोबर होती. मॅडमनी एकेक खडा ओला करून भिंगाखाली धरला, मागून बारीक टॉर्च मारला. पट्ट्यापट्ट्यांच्या खड्याची कड मधासारखी उजळली. तांबड्या खड्यातून उजेड गेलाच नाही.

"उजेड आत शिरतो तो अकीक, अडतो तो जॅस्पर, असं ढोबळमानानं म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "एकाच दगडात दोन्ही असतात कधीकधी. हा निळा रंगवलेला अकीक आहे, रंग चिरेत साचलाय बघा. आणि ही नुसती काच, आत बुडबुडा आहे."

मग त्यांनी चाकूचं टोक फुटक्या बाजूवर ओढलं. खड्यावर ओरखडा उठला नाही, उलट पात्याचं लोखंड काळं होऊन त्यावर लागलं. खड्याच्या कडेनं मात्र काच चरचरत कापली. ॲसिडचा थेंब टाकला, तो पाण्यासारखा पडून राहिला. शेजारी संगमरवराच्या तुकड्यावर तोच थेंब फसफसून उठला.

"म्हंजी संगमरवर न्हाई," चंद्रकला म्हणाली.

"यातला एकही नाही. ते मी लिहून देते. पण ताई, एक सांगते. एवढं पॉलिश झाल्यावर हा दगड कुठल्या खाणीतला, कुणाच्या शेडात घासलेला, हे मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही."

सुनावणीला शेठच्या वकिलानं नेमकं त्यावरच बोट ठेवलं. असले खडे मुळशीच्या रस्त्यावर प्रत्येक टपरीत मिळतात, म्हणाला. रवी चंद्रकलाच्या शेजारी बाकावर बसला होता, नाकाला नळी, पायाशी सिलिंडर. अधिकाऱ्यांनी डबा टेबलावर उपडा केला. खडे पसरले. कौस्तुभ इतका वेळ फोनमध्ये होता, त्यानं मान वर केली आणि एक पट्ट्याचा खडा पाहून त्याच्या तोंडून गेलं, "हा एक्स्पोर्टचा लॉट आहे. म्हणजे हा रवी माझा माल चोरून नेत होता."

वकील गडबडीनं उठला. "साहेब, त्यांना असं म्हणायचंय की, असा माल जर असता तर..."

"थांबा," अधिकारी म्हणाले. "दगड तुमच्या शेडमधले आहेत?"

कौस्तुभनं वकिलाकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. अधिकारी चंद्रकलाकडं वळले. "बाई, हे म्हणतात यांनी चोरून नेले. तुम्हाला मान्य आहे का? दोघांचं एक झालं तर तसं लिहून घेतो."

तिच्या ओठावर आलं होतं, शेठनंच दिलं होतं, फुटकं म्हणून दिलं होतं. पण मग शेठ म्हणणार, मी कधी दिले, माझ्याकडं असले दगडच नव्हते. पुन्हा संगमरवर. पुन्हा तारखा. चोरी मानली तर मात्र दगड शेडातलेच ठरत होते. शेजारी रवीचा श्वास शिट्टी वाजावी तसा वाजत होता.

"व्हय," ती म्हणाली. "चोरून आणल्यात त्यांनी. शेडातनंच."

टायपिस्टनं ते टाइप केलं. रवीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही, ओळख पटत नसलेल्या माणसाकडं बघावं तसं.

त्या दिवसापासून तो गरजेपुरतंच बोलायचा, पाणी दे, उशी वर घे. विहाराची किल्ली त्यानं दुसऱ्या दिवशीच शेजारच्या मुलाच्या हाती पाठवून दिली. कुणी मागितली नव्हती. गावात गोष्ट पोचायला कितीसा वेळ लागतो. गेणबा टपरीवर सांगू लागला, "म्हणून शेठनं शेड बंद केली. माल जात व्हता."

एकदाच, पावसाळ्याच्या अखेरीला, रवीनं विषय काढला. "दुसरं काय बोलता आलं नसतं का गं तुला?"

"निकाल फिरला आसता," ती म्हणाली.

"फिरू द्यायचा व्हता."

निकाल त्यांच्या बाजूनं लागला. रोग कामामुळंच झाला असं ठरलं आणि भरपाई मंजूर झाली. तो कागद आला तेव्हा रवी जाऊन त्याचं पुण्यानुमोदनही होऊन गेलं होतं. गौतमीनं निकाल वाचून दाखवला. सदर कामगाराने मालकाच्या परवानगीविना नेलेले दगड, असं त्यात लिहिलं होतं आणि त्या एका वाक्यावरच बाकीचं सगळं उभं होतं.

चंद्रकला एकटीच कचेरीत गेली. तेवढं वाक्य काढून टाका म्हणाली, पैसे राहू द्या. कारकून बरा माणूस होता. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली.

"मावशी, ते वाक्य काढायचं तर अपील करावं लागेल. अपील केलं की सगळंच पुन्हा उघडतं. मग दगड माझ्या शेडातले कशावरून, असं शेठ म्हणणार. आजार कामातला होता हेही जाईल."

"म्हंजी चोर न्हाई म्हणलं, तर कामगारबी न्हाई."

कारकुनानं कागद परत तिच्यापुढं सरकवला. तिनं कागदाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि उरवड्याची गाडी धरायला स्टँडवर आली.