बाळासाहेबांनी लपवलेली ट्यूब

कराडच्या बाजारपेठेत बाळासाहेब शेट्यांनी अडतीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं. खाज असो, नायटा असो, काउंटरपलीकडून नुसतं बघून ते ट्यूब काढून द्यायचे. चार दिवसांनी माणूस परत यायचा, "अण्णा, तुमच्या हाताला गुण आहे" म्हणायचा. हे ऐकायची त्यांना सवयच झाली होती.

२०१६च्या ऑगस्टमध्ये ते न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला, बॉटनी डाउन्सला मुलाकडे, यशोधनकडे राहायला आले. यशोधनची मुलगी वल्लरी तेव्हा सात वर्षांची होती. तिला तान्हेपणापासून एक्झिमा. कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे कातडी लाल व्हायची, चिरायची. कधी गालांवरही यायचं. महिनाभर बरं असायचं, की पुन्हा उसळी. सून संपदा दिवसातून तीनदा तिला पांढऱ्या डब्यातलं जाड मलम चोपडायची. साबण बंद, अंघोळ कोमट पाण्याची, आणि उसळी आलीच तर डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइड सांगितले तेवढेच दिवस. बाळासाहेबांना हा सगळा कारभार फार संथ वाटे.

एक दिवस वल्लरी शाळेतून आली ती गप्पच. कापा हाका या माओरी समूहनृत्याच्या सरावात शेजारच्या मुलीनं तिचा हात धरायला नकार दिला होता. दूध पिता पिता तिनं विचारलं, "आजोबा, ॲम आय डर्टी?"

दुसऱ्या दिवशी यशोधन आणि संपदा कामावर असताना बाळासाहेबांनी बॅगेतून ट्यूब काढली. कराडहून चार आणल्या होत्या. त्यात जबर स्टेरॉइड होतं, शिवाय बुरशीचं आणि जंतूंचं औषध. चेहऱ्याला लावायची नाही, लहान मुलांना तर नाहीच, हे त्यांना पाठ होतं. तरी त्यांनी ती कोपरांना लावली, गालांनाही लावली.

"हे आपलं सीक्रेट हं," ते म्हणाले. वल्लरीनं मान डोलावली.

आठवड्यात गाल नितळ झाले. संपदा बघतच राहिली. "बाबा, काय केलंत?"

"काही नाही गं. घाण्याचं खोबरेल, थोडं कोमट करून."

तिनं ते मैत्रिणींनाही सांगितलं. सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानात किराणा घेताना संपदाच्या ओळखीच्या एका बाईनं मुद्दाम थांबवून बाळासाहेबांना खोबरेल कसं लावायचं ते विचारलं. त्यांनी ऐटीत सांगितलंही. आतून मात्र कुठेतरी बोचलं. आता थांबवू असं त्यांनी ठरवलं. दोन दिवस लावलं नाही तर गाल पुन्हा तांबूस दिसायला लागले. मग परत लावलं. असं करत करत डिसेंबर उजाडला आणि चौथी ट्यूब संपली.

पाच दिवसांत वल्लरीचा चेहरा पेटला. तोंडाभोवती बारीक पुटकुळ्या, गालांची कातडी पातळ, चकचकीत लाल. शाळेत पोहण्याचे तास सुरू होते. तिनं टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घालायलाच नकार दिला, बाथरूमची कडी लावून बसली.

संपदा तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. बाळासाहेबही गेले. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून गाल बराच वेळ पाहिले. "मी दिलेल्या क्रीमनं असं होत नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "दुसरं काही जोरकस लावलं का? किंवा हेच जास्त दिवस? रागावणार नाही, पण मला कळायला हवं."

"नाही. खरंच नाही. फक्त खोबरेल," संपदा म्हणाली. समोरचीला आपलं पटलेलं नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिचे डोळे भरले. "कदाचित माझंच काही चुकलं असेल. मागे एकदा दोन दिवस जास्त लावलं होतं."

बाळासाहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. तेवढ्यात डॉक्टरांनी वल्लरीला विचारलं, "तुला आठवतं का गं काही?" वल्लरीनं आजोबांकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाली, "नो."

पोरगी त्यांच्यासाठी खोटं बोलली होती. इतक्या वर्षांत एवढं ओशाळल्यासारखं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"मी लावलं," ते मराठीतच म्हणाले. "संपदा, त्यांना सांग. तीन महिने. रोज." खिशातली रिकामी ट्यूब त्यांनी टेबलावर ठेवली. सकाळीच खिशात टाकली होती, पण बाहेर काढायचा धीर आतापर्यंत झाला नव्हता. "मी केमिस्ट आहे. यात काय आहे ते मला माहीत होतं, हेही सांग."

संपदानं सगळं सांगितलं, ते शेवटचं वाक्यसुद्धा. तिचा आवाज सपाट झाला होता.

डॉक्टरीणबाई खरोखरच रागावल्या नाहीत. स्टेरॉइड वाईट नसतं, त्या म्हणाल्या. किती जोराचं, कुठं आणि किती दिवस, एवढंच पाहायचं. चेहऱ्याला आता ते अजिबात नको. आधी आणखी लाल होईल, काही आठवडे लागतील, घाबरायचं नाही. पुटकुळ्यांसाठी त्यांनी वेगळं औषध लिहून दिलं. हा समजूतदारपणा बाळासाहेबांना शिव्यांपेक्षा जड गेला.

घरी यशोधन एवढंच म्हणाला, "बाबा, संपदाला रडू दिलंत तुम्ही." पुढचे दहा-बारा दिवस संपदा त्यांना ताट वाढायची, पण नजर वर करायची नाही. मलमाच्या डब्याला त्यांनी हात लावला नाही, कुणी लाव म्हणालंही नाही. सांगितल्याप्रमाणे चेहरा आणखी बिघडला, आणि रोज सकाळी तो त्यांना समोर बसून पाहावा लागला.

वल्लरीशी मात्र ते बोलले. "मी तुला सीक्रेट ठेवायला सांगितलं, ते चुकलं माझं. औषधाचं असं काही कुणीही सांगितलं, मी जरी सांगितलं, तरी आईला सांगायचं."

"आय थॉट यू'ड गेट इन ट्रबल," ती म्हणाली.

सँडरिंगहॅमच्या त्या बाईंचा नंबर त्यांनी स्वतः संपदाकडे मागितला. खोबरेलाची गोष्ट खोटी होती, असं फोनवर सांगताना त्यांचा आवाज दोनदा अडकला. संपदा ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती.

जानेवारीच्या अखेरीला गाल निवळले. कोपरांचं मात्र येऊन-जाऊन राहणार होतं, हे आता सगळ्यांनीच धरून चाललं होतं. बाळासाहेबांना कराडला परतायला आठवडा असताना संपदाला ऑफिसातून निघायला उशीर झाला. तिचा फोन आला. "बाबा, तिची अंघोळ झाली असेल. मलम लावाल? पांढऱ्या डब्यातलंच."

"पांढऱ्या डब्यातलंच," ते म्हणाले, आणि हात धुवायला उठले.