गार्डमामांची पहिली फेरी

गार्डमामांनी आयुष्यभर बास्केटबॉल पाहिला, पण फायनल कधी पाहिली नाही. दौंडच्या रेल्वे कॉलनीच्या मैदानावर दर हिवाळ्यात मोठी स्पर्धा भरायची. गिरण्यांचे, पोलिसांचे, लष्कराचे, रेल्वेचे संघ यायचे. खेळावर नोकरी मिळालेली आणि खेळावरच ती टिकवून असलेली माणसं. पहिल्या फेरीला मामा एकही सामना चुकवायचे नाहीत. दुसऱ्या फेरीला अर्ध्यातून उठायचे. आणि ज्या दिवशी अख्खं गाव ढाल कोण नेतो ते बघायला मैदानावर लोटायचं, त्या दिवशी मामा मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मनमाडच्या वाटेवर असायचे. "उरलेलं काय बघायचं?" म्हणायचे. "पयल्या फेरीत समदं दिसतं. फुडं निस्ती बेरीज."

मला त्यांची आठवण येते तेव्हा आधी राग येतो आणि मग माया. हा क्रम आजवर कधी उलटा झालेला नाही.

मामा रेल्वेत मालगाडीचे गार्ड. घराणं मूळचं शिरूरचं, मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. नोकरीमुळे ते दौंडला कॉलनीत राहायचे. खुर्च्यांच्या रांगेत ते कधी बसले नाहीत. बोर्डाच्या मागे, जिथून जाळीच्या भोकातून चेंडू खाली येताना दिसतो तिथे, आपली गार्डाची लोखंडी पेटी ठेवून तिच्यावर बसायचे. काखेत गुंडाळलेली दोन निशाणं. सामना संपला की पोरं त्यांच्याभोवती कोंडाळं करून विचारायची, "मामा, हिरवा का लाल?" मामा एक निशाण अर्धवट उलगडायचे. हिरवं म्हणजे संघ शेवटपर्यंत जाणार. लाल म्हणजे मध्येच गाडी थांबणार. दौंडमध्ये तो शब्दच रुळला होता. एखाद्याचं लग्न मोडलं तरी लोक म्हणायचे, लाल दाखवला.

नगरहून लष्कराचा एक संघ आला होता. एकेक जण दारातून वाकून आत येणारा. पहिल्याच सामन्यात त्यांनी समोरच्या कॉलेजच्या पोरांचा पार भुगा केला. लोक टाळ्या वाजवत होते आणि मामांनी लाल उलगडला. मी म्हणालो, "मामा, दुप्पट गुणांनी जिंकले की!" ते म्हणाले, "म्हनूनच. एवढं फुडं असून येकमेकाला श्या देत्यात. मागं पडल्यावर काय करतील?" दुसऱ्या फेरीत तो संघ मागे पडला आणि दोघेजण एकमेकांची गचांडी धरायचेच काय ते बाकी राहिले. दुसऱ्या एका वर्षी सोलापूरचा एक अगदी रडतखडत जिंकलेला संघ होता, त्याला मामांनी हिरवा दाखवला, कारण बाकावर बसलेल्या राखीव पोरांनी सामनाभर एकदाही पाठ टेकली नव्हती. तो संघ ढाल घेऊन गेला. मामा तेव्हा बहुधा मनमाडच्या वाटेवर बेलापूरच्या आसपास असतील.

ही सवय मैदानापुरती राहिली असती तर काही म्हणणं नव्हतं. पण मामा सगळ्याच गोष्टींची पहिली फेरी बघायचे. जावयाला पहिल्या भेटीत पास केलं ते त्याने पाणी पिऊन भांडं पालथं घातलं म्हणून. नवा स्टेशनमास्तर गाडीतून उतरताना पाहिला आणि सांगितलं, हा वर्षभर टिकत नाही. मामी मात्र त्यांना बरोबर ओळखून होत्या. त्या मला एकदा वाढता वाढता म्हणाल्या, "पयल्या घासाला मीठ कमी हाय म्हनत्यात, आन् ताट पुसून खात्यात. शेवट बगायचं भ्या वाटतं रं त्यांना. चुकलो तर?" मामा जेवत होते. त्यांनी बोटाने ताट पुसायला घेतलं.

मी शिरूरजवळच्या निमोण्याचा. आजोबांच्या काळापर्यंत आमची मेंढरं होती. वडिलांनी ती विकून जमीन कसायला घेतली आणि एका जागी बसून राहणं हाच आमचा नवा धर्म ठरवून टाकला. मी मात्र उगाचच उंच झालो. शिरूरच्या शाळेकडून दौंडला खेळायला आलो तेव्हा मामांनी मला पाहिलं. सामना आम्ही हरलो होतो. मामा पेटीवरून उठून आले आणि म्हणाले, "लंबू, उडी चांगली हाय तुझी. खाली कसं यायचं ते शिक." मॅट्रिक झाल्यावर त्यांनीच मला दौंडला आणलं, कॉलनीच्या संघात घातलं, आपल्या क्वार्टरच्या व्हरांड्यात झोपायला जागा दिली. माझ्या पायांतले पहिले कॅनव्हासचे बूट त्यांनी आणलेले. सकाळी ड्यूटीवरून तांबारलेल्या डोळ्यांनी येत आणि आधी मैदानावर येऊन मला शंभर उड्या मारायला लावत. हे सगळं मी विसरलेलो नाही. विसरलो असतो तर राग सोपा झाला असता.

वडिलांनी मला दोन वर्षं दिली होती. "खेळून पोट भरतं का न्हाई ते बग. न्हाई भरलं तर गुमान मागारी ये," एवढंच बोलले होते. दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा मुंबईच्या एका गिरणीचा साहेब स्पर्धेला आला. त्यांचा स्वतःचा संघ स्पर्धेत होताच, पण त्यांना आणखी एक खेळाडू हवा होता. नोकरी कायम, राहायला खोली, आणि दुपारनंतर काम नाही, फक्त खेळ. जागा एकच होती. आमच्या संघात ती मिळू शकेल असे दोघे होते. एक मी आणि दुसरा पीटर. पीटरचे वडील मेल गाडीचे ड्रायव्हर. बंगलेवजा क्वार्टर, घरात पियानो. पोरगा मोठा गोड होता, मला आपली बिस्किटं द्यायचा. त्याला ती नोकरी मिळाली काय आणि न मिळाली काय, संध्याकाळचा चहा पियानोशेजारीच होणार होता.

साहेब फक्त पहिल्या फेरीला थांबणार होता. संध्याकाळच्या गाडीने त्याला सोलापूरला जायचं होतं. आमचा पहिला सामना दुबळ्या संघाशी होता आणि मी त्या दिवशी वाटेल तिथून चेंडू टाकला आणि तो वाटेल तसा आत गेला. आमच्या निम्म्याहून जास्त बास्केट माझ्या होत्या. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. साहेब हसत खुर्चीतून उठला आणि थेट बोर्डाच्या मागे मामांकडे गेला. कारण त्यालाही कुणीतरी सांगितलं होतं की इथे एक गार्ड आहे, त्याचा शब्द चुकत नाही.

रात्री मामांनी मला स्वतःच सांगितलं. लपवाछपवी हा त्यांचा स्वभाव नव्हता. मामींनी चहा ठेवला होता. मामा म्हणाले, "साहेबानं इचारलं, दोघांतला कोन. मी पीटर म्हनलो."

मला वाटलं थट्टा करताहेत.

"तू दर बास्केटला साहेबाच्या खुर्चीकडं बगत व्हतास, लंबू. येक बी सोडली न्हाईस. जो खुर्चीकडं बगून खेळतो त्यो खुर्ची रिकामी झाल्यावर खेळत न्हाई. पीटरनं येकदा बी मान वळवली न्हाई."

"मामा, त्याला कशाला वळवायला पाहिजे? त्याला काय गरज?"

"ते मला ठाव न्हाई. मी जे दिसलं ते सांगितलं. मानलेला भाचा म्हनून खोटं बोलू का?"

मामी म्हणाल्या, "बोलायचं व्हतं येकदा." मामांनी बशीतला चहा संपवला आणि पेटी उचलून ड्यूटीवर गेले. "अल्लाशप्पथ सांगतो" असं म्हणायची त्यांना कधी गरज पडली नाही. त्यांचा साधा शब्दच लोकांना पुरायचा. त्या रात्री मला वाटलं, थोडा खोटारडा माणूस मामा म्हणून मिळाला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी पाहिलं ते खरं होतं. मी खुर्चीकडे पाहत होतो. त्या खुर्चीत माझं पुढचं सगळं आयुष्य बसलं होतं, मी दुसरीकडे कुठे बघणार होतो? ज्याच्या घरी पियानो आहे त्याला मान सरळ ठेवता येते. हे मामांना कळू नये याचा मला अजून संताप येतो, कारण माणूस कळतो अशी ज्यांची ख्याती, त्यांनाच ते कळलं नाही.

फायनल आली. समोर त्याच साहेबाच्या गिरणीचा संघ. साहेब नव्हता, त्याची खुर्ची रिकामी होती. मामा नव्हते. हाफ टाइमला आम्ही पंधराएक गुणांनी मागे होतो. थोड्याच वेळात पीटर पाच फाऊल होऊन बाहेर गेला आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला. त्यानंतर मी जे खेळलो ते मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतं की मी कुणाकडेही पाहत नव्हतो, आणि उडी मारून खाली येताना दर वेळी पाय बरोबर पडत होते, मामांनी शिकवल्यासारखे. आम्ही दोन गुणांनी जिंकलो. गिरणीच्या संघाचा कॅप्टन माझा हात हातात घेऊन म्हणाला, "हमारे यहाँ क्यों नहीं आते?" पीटरची ऑर्डर तोपर्यंत टाइपही झाली असेल.

दुसऱ्या दिवशी मामा मनमाडहून परतले. मी फाटकापाशी उभाच होतो. "मामा, ढाल आपली," मी म्हणालो. मला वाटलं, आता तरी विचारतील, तू कसा खेळलास.

"मग? मी संघाला हिरवाच दाखवला व्हता," ते म्हणाले आणि अंघोळीला गेले.

त्याच आठवड्यात मी बूट त्यांच्या व्हरांड्यात ठेवून एस.टी.त बसलो आणि निमोण्याला आलो. वडिलांनी दुसऱ्या दिवशी फक्त माझ्या उंचीला साजेसं लांब दांड्याचं फावडं आणलं. पीटर गिरणीत वर्षभर राहिला आणि मग आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियाला गेला. तिथून त्याने मला एक चित्राचं कार्ड पाठवलं होतं, समुद्राचं. कार्डावर गिरणीचं नाव नव्हतं, बास्केटबॉलचंही नव्हतं.

पुढे मामा रिटायर झाले आणि शिरूरला आपल्या घरी परत आले. शिरूरला रेल्वे नाही. आयुष्यभर गाडीच्या मागच्या डब्यातून जग पाहिलेला माणूस आता बाजारपेठेत ओट्यावर बसून एस.टी.च्या धुळीकडे बघायचा. मी बाजाराला जायचो तेव्हा दुसऱ्या गल्लीने जायचो. मग मामी गेल्या. मातीला गेलो तेव्हा मामांनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. त्यानंतर मी सरळ गल्लीने जायला लागलो. राग तसाच होता. बरोबर घेऊन जायचो.

ते गेले त्याच्या आदल्या वर्षी शिरूरच्या शाळेच्या मैदानावर आसपासच्या गावांची स्पर्धा झाली. पहिल्या फेरीला मामा जाऊन आले होते. मला म्हणाले, इनामगावच्या पोरांना लाल. मग खाली बघत म्हणाले, "लंबू, आवंदा फायनलला नेतोस का? आता काय, ड्यूटी न्हाई."

मी त्यांना सायकलवर मागे बसवून नेलं. त्यांचं वजन काही राहिलंच नव्हतं. फायनलला इनामगाव पोचलं होतं. मामा हे बघून जरा चुळबुळले. हाफ टाइमला इनामगाव चांगलंच मागे होतं आणि मामा म्हणाले, "बग, म्हनलं व्हतं." त्यानंतर त्यांच्यातला एक काळासावळा, हाडकुळा पोरगा पेटला. तोच पोरगा पहिल्या फेरीत दर बास्केटला हेडमास्तरांच्या खुर्चीकडे पाहत होता, असं मामांनीच मला सांगितलं होतं. शेवटच्या मिनिटाला त्याने टाकलेला चेंडू कड्यावर एकदा नाचला आणि आत पडला. इनामगाव जिंकलं. लोक मैदानात धावले. मामा जागचे हलले नाहीत.

मग त्यांनी विचारलं, "तू तवा असाच खेळला व्हतास?"

"व्हय, मामा."

"मागं पडून?"

"पंधरा गुणांनी."

त्यांनी काखेत हात घातला. निशाणं तिथे कधीची नव्हती. "मी साहेबाला म्हनायला पायजे व्हतं," ते हळूच म्हणाले, "थांबा, फायनल बगा, मग ठरवा. पर साहेबाला गाडी व्हती. मला बी गाडी व्हती."

इतकी वर्षं मी हे वाक्य त्यांच्या तोंडून निघायची वाट पाहत होतो. निघालं आणि काहीच हलकं झालं नाही.

"पीटरला पण व्हती," मी म्हणालो. "समद्यांना गाडी व्हती, मामा. मलाच न्हवती."

समोर तो पोरगा ढाल डोक्यावर धरून नाचत होता आणि आता कुणाच्याच खुर्चीकडे बघत नव्हता. मैदान रिकामं होईपर्यंत आम्ही बसलो. मग मी सायकल कलती धरली आणि मामांना मागे बसवून घरी सोडून आलो.