पांढऱ्या पानांची वाळुंज

आईच्या माहेरी, पाटणच्या खोऱ्यात, ओढ्याकाठी वाळुंजीची झाडं आहेत. लग्न होऊन ती सांगलीकडच्या आमच्या उसाच्या गावात आली आणि वाळुंज मागे राहिली. पुढे कितीतरी वर्षांनी बचत गटाच्या सहलीत, पाचगणीच्या एका रोपवाटिकेत, तिला वाळुंजीचीच परदेशी बहीण दिसली. बाकीच्या बाया स्ट्रॉबेरीवर तुटून पडल्या होत्या आणि ही मांडीवर कुंडी घेऊन गाडीत जाऊन बसली होती.

रोप वीतभर होतं. कोवळी पानं गुलाबी, जून झाली की पांढरी, त्यावर हिरवे शिंतोडे. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दारातच त्याच्यावर एक नजर टाकली आणि म्हणाले, "केवडा पडलाय की ह्याला."

उसाचं पान पिवळं-पांढरं पडलं की आमच्याकडे त्याला केवडा म्हणतात. जमिनीत लोह कमी पडतं, मग फेरस द्यायचं. आबांनी जन्मभर तेच केलेलं. "आवं, रंगच हाय त्यो त्याचा," आई म्हणाली. आबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

मोबाइलवर बघून बघून आईने त्याचं बोन्साय केलं. उथळ कुंडी आणली, फांद्यांना तार गुंडाळून त्या वाकवल्या. आमच्या उन्हाळ्यात ते झाड जगणं अवघडच. म्हणून धुण्याच्या दगडापाशी, सावलीत, पाण्याने भरलेल्या परातीत कुंडी ठेवायची. मी साताऱ्यात नोकरीला. फोन केला की आधी झाडाची खबर, मग माझी चौकशी. मला त्या झाडाचा रागच यायचा.

तिचा एक नियम होता. मधेच एखादी निव्वळ हिरवी फांदी फुटायची, जोमदार, बाकीच्यांपेक्षा भराभर वाढणारी. ती दिसली की आई छोट्या कात्रीने मुळातून काढायची. "ही ठेवली तर पांढऱ्यांना जगू द्यायची न्हाई," म्हणायची. चांगली फांदी कापून आजारी फांदी जपणारी बाई आबांना बघवायची नाही. ते उठून रानात जायचे.

मग आईच पांढरी पडायला लागली. अंगात रक्तच तयार होईना. मिरजेला नेऊन रक्त चढवलं की थोडे दिवस तिला रंग यायचा, पुन्हा ओठ फिके. हे लोह कमी पडल्याचं दुखणं नव्हे, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. आबा मान डोलवायचे आणि घरी येऊन बीट किसायला बसायचे. डाळिंबं झाली, खजूर झाले, लोखंडी कढईतल्या भाज्या झाल्या. पावसाळा सरता सरता ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर मी म्हणाले, झाड साताऱ्याला नेते, तिथली हवा त्याला मानवेल. तिच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं आणि ते मला तिने ठेवलं तसं, पांढरं, हवं होतं. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी बघतो." मी झाड न घेताच परतले.

गुढीपाडव्याला गेले तर परातीत पाणी स्वच्छ, कुंडीत एक तण नाही आणि झाड हिरवंगार. एक पांढरं पान औषधालाही नव्हतं.

"केवड्याच्या समद्या फांद्या काढल्या आन् मुळाला फेरस दिलं," आबा म्हणाले. "बघ आता कसं झालंय. हे तरी बरं झालं माझ्या हातनं."

आई गेल्यापासून त्यांचा चेहरा एवढा मोकळा मी पाहिला नव्हता. ओरडावंसं वाटत होतं, की तुम्ही तिला दुसऱ्यांदा घालवलंत. "चांगलं केलंत," म्हणाले, न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून पोटभर रडले.

परवा पुन्हा गेले होते. कुंडीत पाणी घालायला वाकले, तर बुंध्याशी, शेवाळात, एक कोंब. टोकाला गुलाबी, खाली दोन पांढरी पानं. एवढा एक कोंब जपायचा आणि वरचं हिरवं हळूहळू काढत जायचं, की आईचं झाड परत आलं असतं. तिनेही हेच केलं असतं.

आबा मागे येऊन उभे राहिले होते. "परत आलं व्हय?" त्यांनी विचारलं. आईच्या रक्ताचा रिपोर्ट माझ्या हातात बघून ते अशाच आवाजात विचारायचे, "परत कमी आलं व्हय?" मग ते धुण्याच्या दगडावर बसले आणि नुसते कुंडीकडे बघत राहिले.

आईची छोटी कात्री खिडकीतच होती. मी ती घेतली आणि कोंब मुळातून काढला.

"एवढंच हुतं आबा. गेलं."

"फेरस देऊ का परत?"

"द्या थोडं," मी म्हणाले आणि कोंब मुठीत धरून घरात आले.