आईसाठी लिहिलेलं बँकॉक

नागपूरच्या विमानतळावर मला सोडायला अकरा जण आले होते आणि त्यातल्या एकानंही कधी देश सोडला नव्हता. तरी सूचना सगळ्यांकडे तयार होत्या. मोठे काका म्हणाले, "पासपोर्ट आतल्या खिशात ठेवजो, झोपतानाही काढू नको." काकूंचं म्हणणं, तिकडे काय वाट्टेल ते खातात, तू आपला भातच खा. बाबा बॅग पुन्हा पुन्हा उचलून वजनाचा अंदाज घेत होते.  आत जायची वेळ झाली तेव्हा आईनं एवढंच विचारलं, "तिथं तुह्यं कोण हाय वं?"

 ऑफिसचे लोक आहेत ना, असं काहीतरी पुटपुटून मी आत शिरले.

आता सगळं उलटं झालं आहे. हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीतलं कुणी बँकॉकला निघालं की बाबा त्यांना माझा नंबर देतात आणि मी शहाणपणा शिकवते. राजवाड्याच्या दाराशी एखादा गोडबोल्या "आज बंद आहे, दुसरीकडे नेतो" म्हणेल, त्याच्याकडे न बघता सरळ आत जा. टॅक्सीत बसण्याआधी मीटर टाकायला लावा. स्कायट्रेनमध्ये अंगावर घ्यायला काहीतरी ठेवा, एसीनं दात वाजतात. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. शाकाहारी असाल तर 'जे' हा शब्द पाठ करा आणि पिवळ्या झेंड्यांची दुकानं शोधा, कारण नुसतं भाजी म्हटलंत तर तिच्यात माशाचा सॉस पडतोच. आणि नागपूरकरांनो, "आमच्याकडे मे महिन्यात सत्तेचाळीस असते" ही फुशारकी घरीच ठेवून या. इथल्या दमट हवेत आपला कूलरसुद्धा घामाघूम होईल.

पण सगळ्यांत लांबलचक सूचना मी लिहिल्या त्या आई-बाबांसाठी. सहा वर्षं नाही नाही म्हणत ते शेवटी यायला तयार झाले, तेव्हा चांगली सात पानं भरली. त्यालाही कारण होतं. आई बँकॉक बघायला येतच नव्हती. बाबांनी नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता, आणि आईनं फोनवर बजावलं होतं, "या खेपेले तुले संगं घेऊनच येतो. एकटी किती दिवस राहशील?" मला परतायचं नव्हतं. इथलं काम मला आवडत होतं, हे शहरही आवडायला लागलं होतं. आईला इथे एकही गोष्ट खटकू नये, म्हणून तो सगळा खटाटोप.

एक गोष्ट मात्र मी सात पानांत कुठेच लिहिली नाही. पहिल्याच पावसाळ्यात मला डेंग्यू झाला होता आणि मी पाच दिवस दवाखान्यात होते. घरी मी नेटवर्क खराब असल्याची थाप मारली होती. त्या पाच दिवसांत माझ्या उशाशी बसली ती पा नोय, माझी घरमालकीण. इथे मावशीला 'पा' म्हणतात. ती खाली राहते, मी वर. वयानं आईएवढीच, स्वभावानंही तशीच कडक.

आई-बाबा आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी पा नोयनं आम्हाला फळं खायला खाली बोलावलं. आईनं तिच्यासाठी संत्रा बर्फीचा डबा नेला. दोघींनी एकमेकींचे कपडे-दागिने न्याहाळले, आणि मध्ये दुभाषी म्हणून मी. पपईची फोड पुढे करत पा नोय सहज म्हणाली, "ही तापात होती ना, तेव्हा सारखी आईला हाक मारायची. मला वाटायचं, कशी असेल ती बाई."

आई माझ्याकडे बघत होती. "काय म्हणून राहिली ते?"

मला काहीही सांगता आलं असतं. तुझी बर्फी आवडली म्हणते, असं म्हटलं असतं तरी आई खूश झाली असती. पण पा नोयच्या समोर बसून तिचेच शब्द खोटे करायला जीभ उचलेना. मी सगळं सांगितलं. डेंग्यू, दवाखाना, पाच दिवस, थाप.

 आई उठली, पा नोयपुढे जाऊन उभी राहिली, आणि दोन्ही हात तिच्या डोक्यावरून, गालांवरून उतरवून तिनं आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

पा नोय ताठ झाली. इथे डोकं म्हणजे माणसाचा सगळ्यांत पवित्र भाग, परक्यानं त्याला हात लावणं म्हणजे अपमानच. बाबा हळूच कुजबुजले, "अवं, चौथ्या पानावर लिवलं हाय ते."

मी माझ्या मोडक्यातोडक्या थाईत आधी माफी मागितली. मग म्हटलं, आमच्याकडे ज्याच्यावर फार जीव असतो त्याच्यावर येणारं संकट असं स्वतःच्या अंगावर घेतात. बोटांचा तो आवाज त्याचाच. पा नोयनं विस्कटलेले केस सारखे केले. मग म्हणाली, "आई गेल्यापासून माझ्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता."

मी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, "मंग आता लावला न." आणि जागेवर जाऊन पपई खाऊ लागली.

वर आल्यावर मात्र तिनं मला चांगलंच फैलावर घेतलं. "मले काहून नाही सांगितलं? मी मेली होती का?" मी रडले, तीही रडली, बाबा गॅलरीत जाऊन उभे राहिले. पण उरलेल्या दहा दिवसांत तिनं मिहानचं नाव काढलं नाही. निघताना पा नोयचे हात हातात घेऊन म्हणाली, "पोरीले सांभाळजा बाई." ते मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

त्यालाही आता वर्ष झालं. माझं घर कोणतं, असं हल्ली कुणी विचारलं तर मी गडबडते. सुट्टीत नागपूरला जाते तेव्हा घरी चालले म्हणते, आणि परतताना विमानात बसल्यावरही तेच म्हणते. दोन्ही खरं आहे, कारण दोन्हीकडे मी आल्याचा आवाज ओळखणारं कुणीतरी आहे.

परवा आईचा फोन आला. हुडकेश्वरच्या घराची वरची खोली, माझीच, तिनं भाड्यानं दिली. मिझोरामची पोरगी आहे, नर्सिंगला शिकते, मराठी येत नाही, हिंदी जेमतेम. मी म्हटलं, तुला गं कसं जमणार तिच्याशी बोलायला?

"जमते," आई म्हणाली. "म्या पहिल्याच दिवशी तिच्या मायचा नंबर घेऊन ठेवला. ताप-बीप आला त म्याच फोन करीन. पोरी सांगत नाहीत."