सुपावरचे पोपट

सय्यदबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी वस्तू बघत, मग माणसं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या या बाई विश्रांतवाडीत आमच्या खालच्या मजल्यावर राहत. शेजारपाजारचे जुने पाट, करंडे मागून न्यायच्या आणि जलरंगात त्यांची चित्रं काढायच्या. मोबाइलवर फोटो काढून देऊ का, असं कुणी विचारलं की म्हणत, "फोटो तुमच्याकडे ठेवा. मला बघायचंय."

आमच्याकडे त्यांना आईचं सूप दिसलं. माझ्या नोकरीमुळे आम्ही वर्ध्याहून पुण्यात आलो तेव्हा आईने ते आणलं होतं, पण गॅलरीत बादलीमागे ठेवलेलं असायचं. तिच्या लग्नाच्या रुखवतातलं. कागदाच्या लगद्यात मेथी वाटून लिंपलेलं, वर गेरूच्या वेली आणि पोपटांची रांग. एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. चित्रात तेवढा कोपरा धड दाखवा, असं मी सुचवलं. बाई म्हणाल्या, "नवं सूप मंडईत मिळेल. हे आहे तसंच काढेन."

तीन आठवड्यांनी त्या चित्र घेऊन वर आल्या. कुरतडलेला कोपरा होता, उडालेल्या गेरूखालचा पिवळट लगदाही होता. चित्र छान जमलंय, एवढंच मला वाटलं. बाईंनी मात्र आईला विचारलं, "हे दोघींच्या हातचं काम आहे ना? उजवीकडच्या चार पोपटांचे फटकारे उलटे जातात. काढताना माझा हात अडखळायचा. ती दुसरी डावखुरी होती का?"

आईने होकारार्थी मान हलवली. मग तिने जे सांगितलं ते मी पन्नाशीत पहिल्यांदा ऐकलं. तिला कमल नावाची धाकटी बहीण होती. दोघींनी मिळून ते सूप रंगवलं आणि लग्नाच्या तोंडावर कमल तापाने गेली. ठरलेलं लग्न, शुभकार्यात नको, म्हणून कुणी तिचं नाव काढलं नाही. पुढे ती सवयच झाली. तिचा एक फोटोही नव्हता.

बाईंनी सांत्वन वगैरे केलं नाही. पेन्सिल मागून घेतली आणि चित्राखाली दोघी बहिणींची नावं लिहिली. तुमची सही राहिली, असं मी म्हटलं. "मी फक्त बघितलं," म्हणाल्या आणि चहा न घेता खाली गेल्या.

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या मुलीने आईला विचारलं, की अम्मीची आणि तुमची ओळख किती वर्षांची? आईने वर्षं सांगितली नाहीत. म्हणाली, "माह्याशिवाय माह्या बहिणीले वळखणारं हे एकच माणूस होतं."