तहापुढची गोष्ट

आमच्या डब्लिनच्या घराशेजारी दक्षिण आफ्रिकेतून आलेले डच वंशाचे एक म्हातारे बोअर गृहस्थ राहतात. त्यांचे आजोबा इंग्रजांशी लढलेले सेनापती. झुडपं कापता कापता कात्री थांबवून ते आजोबांच्या लढाया सांगत. माझे वडील, निवृत्त इतिहासशिक्षक, कुंपणापाशी उभे राहून म्हणत, "अहो, हा तर आमचा गनिमी कावा!" आमचं ऐकून तेही वडिलांना 'बाबा'च म्हणत.

"पण तह झाल्यावर सेनापतींनी काय केलं?" बाबा दर वेळी विचारत. मग कात्री पुन्हा जोरात चालू लागे.

बाबांच्या तेराव्याला ते काळा कोट घालून आले. हॅट छातीशी धरून फोटोसमोर उभे राहिले आणि त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाले, "बाबा, तह झाल्यावर आजोबा इंग्रजांच्याच छत्राखाली मंत्री झाले. पुढे पहिल्या महायुद्धात जुन्या सोबत्यांनी त्या सरकारविरुद्ध बंड केलं, तेव्हा गोळीबाराचा हुकूम त्यांनीच दिला. त्यात माझ्या आजीचा भाऊ गेला."

बोलताना त्यांची मान खाली गेली नाही. वर्गात कुणी अवघड उत्तर खरं दिलं, की बाबा एकच शब्द म्हणत. त्यांच्या वतीनं तो मी मोठ्यानं म्हटला, "शाबास!"